घंटा वाजली, पण ऐकली कोणी?

मावळातल्या माणसाला पावसाचे कौतुक सांगायला नको. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तेथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुणे शहरात जेमतेम सातशे-साडेसातशे. सोमाटणे हे गाव या दोहोंच्या मध्ये, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. येथे एखाद्या दिवशी घाटातला पाऊस पोचतो, तर एखाद्या दिवशी नुसते ढग येऊन जातात. तेव्हा तेथील काही शिक्षकांनी आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी स्वतःच पाऊस मोजायचे ठरवले, आणि आम्हीही त्यांच्यात सामील झालो.

साधन अगदी साधे होते. नरसाळ्यातून येणारे पाणी एका छोट्या झुलत्या पळीत पडते. ठरावीक पाणी साचले की पळी एका बाजूला कलंडते, दुसरी पुढे येते आणि प्रत्येक कलंडण्याबरोबर एक विद्युत खटका दाबला जातो. आमच्या पळीचे एक कलंडणे म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. हे खटके मोजायला एक जुना संगणक जोडला होता. शेजारीच नेहमीचे काचेचे पर्जन्यमापकही ठेवले होते. रोज सकाळी साडेआठला त्यातील पाणी मोजून दोन्ही आकडे वहीत लिहायचे, असा नेम होता.

एका सकाळी दोन आकडे जुळेनात. काचेच्या मापकात पाणी बरेच जास्त होते. संगणकाची नोंद पाहिली तर रात्री दोन वाजून दहा मिनिटांनंतरची पुढची नोंद थेट दोन पस्तीसची. मधल्या पंचवीस मिनिटांत एकही खटका मोजलेला नव्हता, आणि गावातली माणसे तर सांगत होती की रात्री दोनच्या सुमारास पाऊस कोसळत होता.

वीज गेली असेल? नाही, संगणक बंद पडल्याची खूण नव्हती. उंदराने तार कुरतडली असेल? तार धड होती. मग ही पंचवीस मिनिटे गेली कुठे? या प्रश्नाचा माग काढता काढता संगणकशास्त्रातील एका जुन्या आणि अजूनही पुरते न सुटलेल्या पेचापर्यंत आम्ही पोचलो. तो पेच आज समजून घेऊ.

तीन कामे, एक संगणक

आमचा प्रोग्रॅम (जुन्या पुस्तकांच्या भाषेत आज्ञावली) एका माजी विद्यार्थिनीने लिहिला होता. ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि ‘हॅस्केल’ नावाची भाषा शिकली होती. प्रोग्रॅममध्ये तीन कामे एकाच वेळी चालत. पहिले, दर दशांश सेकंदाला खटका तपासणे. दुसरे, दर मिनिटाला बेरीज करून ती वेळेसह डिस्कवर लिहिणे. तिसरे काम रात्री दोननंतर सुरू होई: आतापर्यंतचा पाऊस आणि जवळच्या विहिरीची पातळी यांचा संबंध सांगणारे सूत्र शोधणे. त्यासाठी लाखो आकडे एकामागून एक घालून पाहायचे होते.

अशा प्रत्येक कामाला संगणकाच्या परिभाषेत ‘थ्रेड’ म्हणतात. थ्रेड म्हणजे धागा. आपल्याला वाटते तीनही धागे एकदम विणले जात आहेत. प्रत्यक्षात एक प्रोसेसर एका क्षणी एकाच धाग्याला हात घालू शकतो. तो थोडा वेळ पहिल्याचे, थोडा वेळ दुसऱ्याचे, थोडा वेळ तिसऱ्याचे काम करतो, आणि ही अदलाबदल इतकी झपाट्याने होते की आपल्याला ती कळत नाही. पोळ्या लाटता लाटता तव्यावरची पोळी उलटणारी आणि मधेच दुधाकडे लक्ष देणारी गृहिणी हेच करत असते.

आता खरा प्रश्न येतो. एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे केव्हा वळायचे, हे ठरवणार कोण?

सौजन्य आणि सक्ती

याची दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर सौजन्याचे. प्रत्येक कामाने थोडे काम झाले की आपण होऊन बाजूला व्हावे आणि इतरांना वाव द्यावा. १९९२ साली आलेल्या ‘विंडोज ३.१’ मध्ये वेगवेगळे प्रोग्रॅम असेच चालत. त्या काळात संगणक वापरलेल्या शिक्षकांना पडद्यावरचे वाळूचे घड्याळ आठवत असेल. एखादा प्रोग्रॅम बाजूला व्हायचे विसरला की सगळा संगणक थिजून जाई.

दुसरे उत्तर सक्तीचे. संगणकात ठरावीक अंतराने ठोका देणारे एक घड्याळ असते. ठोका पडला की चालू काम असेल तेथे थांबवायचे, त्याची स्थिती नीट टिपून ठेवायची आणि पुढच्या कामाला संधी द्यायची. चालू कामाची संमती विचारायची नाही. वक्त्याचा वेळ संपला की अध्यक्ष ध्वनिक्षेपक बंद करतात, तसेच हे. १९९५ च्या ‘विंडोज ९५’ पासून नव्या धर्तीच्या प्रोग्रॅमना हा नियम लागू झाला. युनिक्स व तिच्या घराण्यातील यंत्रणांमध्ये तो आधीपासून होताच.

हॅस्केलचे माहितीपत्रक सांगते की तिचे थ्रेड सक्तीने थांबवले जातात. मग सोमाटण्याच्या संगणकावर तिसऱ्या कामाने पंचवीस मिनिटे इतर दोघांना तोंड का उघडू दिले नाही? हे कळण्यासाठी या भाषेचा स्वभाव थोडा जाणून घ्यावा लागेल.

खोडायचे नाही, नवा कागद घ्यायचा

बीजगणिताच्या तासाला क = ५ असे एकदा लिहिले की त्या उदाहरणात क शेवटपर्यंत ५ च राहतो. पण बहुतेक संगणकभाषांमध्ये ‘क = क + १’ असे बिनदिक्कत लिहितात. गणिताच्या शिक्षकाला हे पाहून धक्काच बसेल! तेथे ‘क’ ही एक खोली असते. आतला ५ पुसून तेथे ६ लिहायचा, एवढाच त्या ओळीचा अर्थ.

फलनाधारित भाषा हे पुसणे मान्य करत नाहीत. त्यांचा प्रोग्रॅम म्हणजे फलनांची, म्हणजे फंक्शन्सची, मांडणी असते. जुनी किंमत तशीच ठेवायची आणि नवी किंमत नव्या जागी लिहायची. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांच्या नावाने ओळखली जाणारी हॅस्केल ही अशीच भाषा. तिचा पहिला मसुदा १९९० साली प्रसिद्ध झाला आणि १९९६ साली तिच्यात एकाच वेळी अनेक धागे चालवण्याची सोय मांडण्यात आली.

पुसापुशी नसल्याचा लाभ मोठा आहे. दोन धागे एकमेकांचे आकडे बिघडवू शकत नाहीत. म्हणून अशा भाषा अनेक कामे एकत्र चालवायला फार सोयीच्या, असे मानले जाते, आणि ते खरेही आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उत्तर बरोबर येईल याची हमी वेगळी आणि उत्तर वेळेवर येईल याची हमी वेगळी. गणिताला वेळ नसते. पावसाला असते.

कागदांचे टेबल हीच घंटा

आता एका वर्गाची कल्पना करू. मुलांना उदाहरणे सोडवायची आहेत, पण खोडरबर वापरायला बंदी आहे. प्रत्येक नवी पायरी नव्या कागदावर लिहायची. कोऱ्या कागदांचा गठ्ठा शिक्षकांच्या टेबलावर आहे. वर्गात लिहायला बाक मात्र एकच, त्यामुळे मुलांनी आळीपाळीने बसायचे आहे.

बाकावरच्या मुलाची वेळ संपली, हे त्याला कसे कळवायचे? शिक्षक हात धरून उठवू शकतील. पण मुलगा अर्धी बेरीज करून हातचा मनात धरून बसला असेल, तर मधेच उठवल्यावर तो हातचा विसरेल. शिवाय अधूनमधून शिक्षकांना निरुपयोगी झालेले कागद उचलून रद्दीत टाकायचे असतात. त्या वेळी कोणाला कुठला कागद अजून हवा आहे, हे नक्की माहीत हवे. मुलगा अर्धवट अवस्थेत असताना ते कळणे कठीण.

म्हणून शिक्षक एक युक्ती करतात. ते मुलाला हात लावत नाहीत. वेळ संपली की टेबलावरचा गठ्ठा गुपचूप उचलून घेतात, एवढेच. मुलगा पायरी पुरी करून नव्या कागदासाठी टेबलाशी येतो. पाहतो तर गठ्ठा नाही. तो विचारतो, ‘‘सर, कागद?’’ शिक्षक म्हणतात, ‘‘तुझी वेळ झाली. आता पुढच्याला बसू दे.’’ मुलगा हातात पूर्ण पायरी घेऊन शांतपणे बाजूला होतो. ना हातचा विसरला, ना कागद हरवला.

हॅस्केलचा प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा, म्हणजे ग्लासगोला जन्मलेल्या ‘जीएचसी’ या कंपायलरबरोबर येणारी व्यवस्था, अक्षरशः हेच करते. येथे कोरा कागद म्हणजे मेमरीतील मोकळी जागा. धाग्याला जागेचा एक लहान ठोकळा दिलेला असतो, नेहमी ४ किलोबाइटचा. नवी किंमत लिहिण्याआधी ‘ठोकळ्यात जागा उरली आहे ना?’ ही तपासणी धाग्याला करावीच लागते. घड्याळाचे ठोके दर १० मिलिसेकंदांना पडतात आणि सहसा २० मिलिसेकंदांनी धागा बदलायचा असतो. तेव्हा यंत्रणा एवढेच करते की ठोकळ्याच्या शेवटची खूण शून्यावर आणून ठेवते. धागा पुढची तपासणी करतो, त्याला वाटते जागा संपली, आणि तो आपल्या पायाने व्यवस्थापकाकडे येतो.

युक्ती सुरेख आहे. कागदाची तपासणी तर होणारच होती. तिच्यातच घंटा बसवून टाकली, त्यामुळे घंटेचा वेगळा खर्च नाही. एक धागा सुरुवातीला जेमतेम १ किलोबाइट जागेत मावतो, आणि म्हणून एका साध्या संगणकावर असे लाखभर धागेही चालवता येतात.

पाटीवाला मुलगा

पण या वर्गात एक हुशार मुलगा आहे. त्याच्या लक्षात आले की प्रत्येक पायरी कागदावर उतरवायची गरज नाही. आपल्या दप्तरात पाटी आहे. पाटीवर लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. बाहेरच्या कोणाला ते दिसत नाही, आणि शेवटचे उत्तर तेवढे कागदावर उतरवले की नियमही मोडला नाही. काम कितीतरी लवकर होते!

हा मुलगा म्हणजे कंपायलर. आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवताना तो शक्य तेथे कागद वाचवतो. साध्या संख्यांचे चक्राकार गणित असेल तर तो सगळ्या किमती प्रोसेसरच्या आतल्या मोजक्या खोल्यांमध्ये, म्हणजे रजिस्टरमध्ये, ठेवतो. तीच त्याची पाटी. मेमरीतील नवी जागा एकदाही मागितली जात नाही. आणि जागा मागायची नाही, तर तपासणी तरी कशाला? कंपायलर ती गाळून टाकतो.

आता शिक्षकांनी गठ्ठा उचलला, तरी पाटीवाला टेबलाशी येतच नाही. घंटा वाजली, पण ती ऐकायला कान कुठे आहेत? पाटीवरचे गणित संपेपर्यंत बाकावर तोच बसतो. सोमाटण्याच्या संगणकावर झाले ते हेच. सूत्र शोधणाऱ्या तिसऱ्या कामाने पंचवीस मिनिटे पाटी सोडली नाही, आणि खटका तपासणारा धागा बाहेर ताटकळत राहिला. पळी कलंडत होती. तिच्याकडे पाहणारे कोणी नव्हते.

आम्हांला सर्वांत बुचकळ्यात टाकले ते दोन गोष्टींनी. त्या मुलीच्या घरी हाच प्रोग्रॅम बिनतक्रार चालत होता. सोमाटण्याला बसवताना मात्र तिने कंपायलरला ‘वेग वाढव’ अशी सूचना दिली होती. घरच्या मंद प्रोग्रॅममध्ये कागद वापरला जात होता, म्हणून घंटा ऐकू येत होती. वेग वाढला आणि कान गेले. दुसरी गोष्ट आणखी गमतीची. दोष शोधण्यासाठी तिने तिसऱ्या कामात ‘इतके आकडे तपासून झाले’ अशी ओळ अधूनमधून पडद्यावर छापायला लावली. दोष नाहीसा! छापायला कागद लागतो, आणि कागदासाठी टेबलाशी यावे लागते. ती ओळ काढली की दोष परत हजर. पाहू लागले की लपणारा असा दोष पकडायला तिला आठवडा लागला.

सर्वसाधारण समजूत अशी, की ‘पाच मिनिटांत उत्तर आले नाही तर काम रद्द कर’ असे लिहून ठेवले म्हणजे आपण सुरक्षित. तीही येथे फसते. कारण रद्द करण्याचा निरोपसुद्धा टेबलापाशीच मिळतो.

चार प्रोसेसर घेतले तर?

येथे एक शिक्षक म्हणाले, ‘‘हल्ली प्रत्येक संगणकात चार-चार प्रोसेसर असतात. एक अडला तर बाकीचे आहेतच की!’’ शंका रास्त आहे. आमच्या प्रोग्रॅमला मुळात एकच प्रोसेसर वापरायला सांगितले होते. चार वापरायला सांगितले असते तर काही काळ काम चाललेही असते.

पण रद्दी आठवा. वर्गात चार बाक ठेवले तरी कागद कधी ना कधी संपतात, आणि नेहमीच्या व्यवस्थेत रद्दी उचलायची तर चारही बाकांवरच्या मुलांनी पेन्सिली खाली ठेवाव्या लागतात. नाहीतर एकीकडून कागद उचलायचा आणि दुसरीकडे तोच कोणी वाचत असायचा. तीन मुले पेन्सिली ठेवून वाट पाहतात आणि चौथा पाटीत गुंग. त्याचे संपेपर्यंत तिघेही रिकामे! म्हणजे प्रोसेसर वाढवल्याने दोष जात नाही, थोडा पुढे ढकलला जातो, आणि तो केव्हा डोके वर काढील हे सांगणे अधिकच कठीण होते.

सिग्नल कुठे बसवायचा?

मुळाशी असलेली अडचण रेल्वेच्या प्रवाशाला चटकन कळेल. पुणे-लोणावळा मार्गावर लोकलला बाजूला थांबवून मागून येणारी एक्स्प्रेस पुढे काढतात. सोमाटण्याजवळच्या तळेगाव स्थानकावरून रोज ये-जा करणाऱ्यांना हा अनुभव आहे. पण नियंत्रकाच्या मनात आले म्हणून गाडी वाटेल तेथे उभी केली जात नाही. ती थांबते सिग्नलपाशी, आणि सिग्नल अशा जागी असतो की जेथे थांबणे सुरक्षित आहे. सिग्नल लाल केला तरी गाडी त्याच्यापाशी पोचेपर्यंत काही घडत नाही.

प्रोग्रॅममध्येही थांबण्याजोग्या अशा सुरक्षित जागा असतात. त्या दूर दूर असल्या तर थांबायला उशीर होतो. जवळ जवळ बसवल्या तर प्रत्येक ठिकाणी ‘लाल आहे का?’ असे पाहण्यात वेळ जातो. या पेचाला फुकटचे उत्तर नाही.

पुण्यातील एक जुने उदाहरण

या पेचाला पुण्यातील संगणकशास्त्रज्ञही अपरिचित नाहीत. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातून आलेले डॉ. विजय भटकर तिचे पहिले संचालक. १९९१ साली संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक सादर केला. त्यात एकच अतिवेगवान प्रोसेसर नव्हता. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या ‘इनमॉस’ कंपनीचे अनेक ‘ट्रान्सप्यूटर’ एकमेकांना जोडून तो उभा केला होता.

ट्रान्सप्यूटरचे वैशिष्ट्य असे, की कामे आळीपाळीने चालवण्याची व्यवस्था त्या चिपमध्येच होती. त्याच्यासाठी ‘ऑकम’ नावाची खास भाषा होती. ती फलनाधारित नव्हे, पण एकाच वेळी चालणारी अनेक कामे हाच तिचा गाभा होता. टोनी होर यांनी १९७८ साली मांडलेल्या विचारांवर ती आधारलेली होती.

या चिपमध्ये साध्या अग्रक्रमाच्या कामांना सुमारे एका मिलिसेकंदाचा ठोका होता. पण ठोका पडला म्हणून काम कुठेही तुटत नसे. ते दोनच प्रकारच्या आज्ञांपाशी थांबवले जाई: दुसरीकडे उडी मारण्याची आज्ञा आणि चक्राचा फेरा संपल्याची आज्ञा. असे का? कारण त्या क्षणी प्रोसेसरच्या पाटीवर, म्हणजे गणिताच्या तीन रजिस्टरांत, जपून ठेवण्यासारखे काही उरू नये अशीच योजना होती. मागे टिपून ठेवायचे फारसे काही नसल्याने अदलाबदल फार स्वस्तात होई. शिवाय चक्राचा फेरा संपताना सिग्नल असल्यामुळे, चक्रात गरगरणारे कामही फेऱ्याफेऱ्याला घंटेपाशी येई. पाटीवाल्या मुलाचा बंदोबस्त त्यात होता. उच्च अग्रक्रमाच्या कामाला मात्र ठोका लागूच नव्हता. ते आपण होऊन थांबेपर्यंत चाले. तेव्हा ते काम लहान ठेवणे ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची जबाबदारी होती. म्हणजे एकाच चिपवर सौजन्य आणि सक्ती शेजारी शेजारी नांदत होती.

इतरांनी काय केले?

स्वीडनच्या ‘एरिक्सन’ कंपनीत १९८० च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी ‘अर्लांग’ ही फलनाधारित भाषा तयार झाली. एका ग्राहकाच्या कॉलमुळे दुसऱ्याचा कॉल अडला तर एक्स्चेंज कसले? तेथे कागदांऐवजी फलने मोजतात. प्रत्येक धाग्याला काही हजार फलने वापरण्याची मुभा, ती संपली की पुढच्याची पाळी. या भाषेत चक्र नसतेच. पुन्हा पुन्हा करायचे काम फलन स्वतःलाच हाक मारून करते. त्यामुळे मोजणीतून कोणी सुटत नाही. आपण रोज वापरतो त्या ‘व्हॉट्सॲप’च्या केंद्रीय यंत्रणेसाठी हीच भाषा वापरली गेली. मात्र दुसऱ्या भाषेत लिहिलेला तुकडा तिच्यात जोडला तर तो मोजणीबाहेर राहतो. म्हणून असा तुकडा साधारण एका मिलिसेकंदात आटोपावा, अशी सूचना तिच्या माहितीपत्रकात दिलेली आहे.

‘ओकॅमल’ या फलनाधारित भाषेच्या २०२२ सालच्या ४.१४ या आवृत्तीपासून चक्रांमध्येही तपासणीच्या जागा घालण्यात आल्या. ‘गो’ ही भाषा फलनाधारित नाही, पण तिलाही हाच आजार होता. तिने २०२० साली १.१४ या आवृत्तीत वेगळा उपाय केला. धागा आपण होऊन येत नसेल तर संगणकाच्या मूळ यंत्रणेकडून त्याला बाहेरून हटकायचे. त्यासाठी कोणत्या क्षणी कुठल्या खोलीत काय आहे याची चोख नोंद ठेवण्याचे काम तिच्या रचनाकारांना करावे लागले.

हॅस्केलमध्येही सोय आहे. तपासणी गाळू नकोस, असे कंपायलरला सांगता येते. मग पाटीवाल्यालाही मधून मधून टेबलाकडे पाहावेच लागते. तपासणी गाळल्यामुळे तयार प्रोग्रॅमचा आकार सुमारे ५ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे ती ठेवायची तर साधारण तेवढाच बोजा वाढेल. शिवाय ही सूचना केवळ आपल्या प्रोग्रॅमला देऊन भागत नाही. ज्या तयार ग्रंथालयांचा आधार घेतला, तीही त्याच सूचनेसह पुन्हा तयार करावी लागतात. दुसऱ्याच्या कोडमध्ये एक जरी पाटीवाला राहिला, तरी हमी गेली.

आम्ही काय केले?

सोमाटण्याला आम्ही सर्वांत साधा मार्ग घेतला. सूत्र शोधण्याचे काम या प्रोग्रॅममधून काढून स्वतंत्र प्रोग्रॅम केला. दोन वेगळ्या प्रोग्रॅममध्ये आळीपाळी राखणे हे संगणकाच्या मूळ यंत्रणेचे काम, आणि ती पाटी-कागद पाहत नाही. ठोका पडला की प्रोसेसरच्या सगळ्या खोल्या जशाच्या तशा टिपून ठेवते आणि काम बदलते. तिला ते परवडते, कारण तिच्याकडे लाखो धागे नसतात आणि कोणाची रद्दीही उचलायची नसते. विद्यार्थ्यांनी आणखी एक भर घातली. खटका तपासणारा धागा आता मागील तपासणी केव्हा झाली तेही पाहतो, आणि एका सेकंदाहून अधिक खंड पडला असेल तर तशी खूण नोंदीत करतो. दोष पुन्हा आला तर तो निदान लपून राहणार नाही.

त्या पंचवीस मिनिटांचे काय? काचेच्या मापकावरून त्या रात्रीचा एकूण पाऊस मिळाला. पण तो पंचवीस मिनिटांत एकसारखा पडला, की पाच मिनिटांत कोसळून थांबला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. एका विद्यार्थ्याने सुचवले, की फरकाचा आकडा सारखा वाटून भरून टाकू. बरीच चर्चा झाली. शेवटी वहीत ती जागा कोरी ठेवली आणि समासात कारण लिहिले.

वर्गात करून पाहा

हा सगळा खेळ संगणकाशिवायही वर्गात करता येतो. एक बाक, कोऱ्या कागदांचा गठ्ठा, एक पाटी आणि चार विद्यार्थी पुरेत. तिघांना गुणाकाराची लांबलचक उदाहरणे द्या आणि प्रत्येक पायरी नव्या कागदावर करायला लावा. चौथ्याला काम द्या ते खिडकीबाहेरून जाणारी वाहने मोजण्याचे. मात्र बाकावर असेल तेव्हाच त्याने बाहेर पाहायचे. अर्ध्या मिनिटाने गठ्ठा उचला आणि जो कागद मागायला येईल त्याला बदला. वाहने मोजणाऱ्याने मात्र थोडा वेळ पाहून झाले की आपण होऊन उठायचे. एका विद्यार्थ्याला वर्गाबाहेर बसवून सर्व वाहने मोजायला सांगा. तो आपला काचेचा मापक. काही फेऱ्यांनंतर, इतरांना न सांगता, तिघांपैकी एकाच्या हाती पाटी द्या.

दोन्ही वेळा वाहनांचे आकडे किती जुळतात ते फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा: चूक कोणाची? पाटीवाल्याने उत्तर बरोबरच काढले, आणि लवकरही काढले. शिक्षकांनी गठ्ठा वेळेवर उचलला. वाहने मोजणाऱ्याने बाक मिळताच चोख काम केले. मग नियमात कोणता बदल करावा, आणि त्याची किंमत कोणी द्यावी? मुले जी उत्तरे देतील त्यांत, आमचा अनुभव सांगतो, वर आलेले जवळजवळ सगळे उपाय निघतात. एखादा नवाही निघेल. निघाला तर आम्हांला जरूर कळवा.